परत न आलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले? नव्या दंतवैद्यांसाठी चिंतनवहीचे मार्गदर्शन

बीडीएसची चार वर्षे संपवून इंटर्नशिपच्या वर्षात प्रवेश केला की हाती लॉगबुक पडते. किती दात काढले, किती स्केलिंग (दातांची सफाई) केले, किती दात भरले, याचे रकाने त्यात असतात आणि ते भरले की सही मिळते. लॉगबुक आवश्यक आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु चाळिसावा दात काढताना तुम्ही सुई पहिल्या वेळेपेक्षा वेगळी धरली का, आणि धरली असल्यास कोणत्या अनुभवामुळे धरली, हे त्या रकान्यांतून कळत नाही. ते कळावे म्हणून लॉगबुकाशेजारी स्वतःची एक वही ठेवायची असते. यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत पोस्टिंगवर येणाऱ्या इंटर्नना ही वही कशी ठेवावी हे मी अनेक वर्षे सांगत आले आहे. तोच क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

या पद्धतीला शिक्षणशास्त्रात चिंतनशील अध्ययन म्हणतात. काम चालू असताना होणारे चिंतन आणि काम संपल्यावर होणारे चिंतन, हा भेद डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडला. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले चक्र सहा पायऱ्यांचे आहे: घटनेचे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती. महाविद्यालयात बहुधा हेच चक्र शिकवले जाते आणि ते उपयोगी आहे. मी मात्र त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पायरी जोडते: कामापूर्वीचा लेखी अंदाज आणि कामानंतर रुग्णाचे प्रत्यक्षात काय झाले याचा शोध. शहरातील रुग्ण दुखले तर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. आपल्याकडचा रुग्ण वीस किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची एक फेरी म्हणजे एक बुडालेली मजुरी असते, त्यामुळे तो परत येत नाही आणि त्याच्या न येण्याचा अर्थ आपण ‘बरा झाला’ असा लावतो. नव्या दंतवैद्याची सर्वांत मोठी फसगत येथे होते.

वहीची तयारी

साधी शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक रुग्णावर लिहू नका. दिवसातील एकच प्रसंग निवडा. तो बिघडलेलाच असावा असे नाही. अनपेक्षितपणे सोपा गेलेला दातही लिहिण्यासारखा असतो. लिहिण्याची वेळ त्याच दिवसाची हवी, शक्यतो ओपीडी संपल्यावर आणि गाडी येण्यापूर्वीची दहा मिनिटे. रात्री खोलीवर गेल्यावर लिहू म्हणणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत प्रसंगाऐवजी प्रसंगाबद्दलचे मत उरलेले असते.

रुग्णाचे नाव, गाव आणि केस पेपरचा क्रमांक वहीत येता कामा नये. त्याऐवजी स्वतःचा अनुक्रमांक द्या आणि त्या क्रमांकाची केस पेपरशी सांगड घालणारी यादी दवाखान्यातच, कुलपात ठेवा. लहान गावात एवढ्यानेही भागत नाही, कारण ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलेले, बैलाचे शिंग लागून पुढचे दोन दात गेलेले गृहस्थ’ असे लिहिले तरी साऱ्या पंचक्रोशीला माणूस ओळखू येतो. असे तपशील शिकण्यासाठी लागत नसतील तर गाळा. रुग्णाच्या तोंडाचा फोटो लेखी संमतीशिवाय काढू नका, आणि काढलेला फोटो मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका.

पहिली पायरी: हात लावण्यापूर्वी अंदाज लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वाधिक शिकवते तीच. रुग्णाला खुर्चीत बसवून तपासणी झाली की दोन ओळी लिहा: मी काय करणार आहे, काय घडेल असे मला वाटते आणि कोठे अडेल असे वाटते. उदाहरणार्थ, ‘खालची डावी पहिली दाढ, दोन मुळे, एक्स-रेमध्ये मुळे सरळ, पंधरा मिनिटांत निघेल, अडचण दिसत नाही.’ काम संपल्यावर हा अंदाज डोळ्यांसमोर असला की ‘मला आधीच वाटले होते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. मनातल्या मनात केलेला अंदाज निकालानुसार नकळत बदलतो.

अंदाजात रुग्णाच्या प्रकृतीची ओळ हवीच. रक्तदाब, साखर, चालू औषधे हे सगळेच विचारतात. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्नही तितक्याच नेमाने विचारला पाहिजे. ‘सिकलसेल आहे का?’ एवढे विचारून थांबू नका. तपासणी झाली होती का, अहवालात ‘ए-एस’ (वाहक) होते की ‘एस-एस’ (रुग्ण), हे विचारा, कारण वाहक आणि रुग्ण यांच्या बाबतीत घ्यायची काळजी सारखी नसते. एस-एस रुग्णाला जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे आणि तीव्र ताण यांमुळे त्रास उफाळू शकतो, म्हणून दात काढण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी: थबकलेला क्षण धरून ठेवा

काम करताना एखाद्या क्षणी हात थबकतो. सुई अपेक्षेपेक्षा लवकर हाडाला लागते, मूळ हलायला हवे तेथे हलत नाही, रुग्णाच्या पायाची बोटे आखडतात. अशा वेळी उपकरण तोंडाबाहेर घ्या आणि स्वतःला विचारा की मी धरलेला अंदाज अजून टिकतो का. टिकत नसेल तर वरिष्ठांना हाक मारा. या थांब्याला अर्धे मिनिट लागते. वहीत तो क्षण एका वाक्यात लिहायचा असतो, आणि तुम्ही थांबला नसाल तर ‘थांबले नाही’ असे लिहायचे असते.

तिसरी पायरी: घडले ते लिहा, मत नंतर

येथे मला माझा स्वतःचा प्रसंग सांगावासा वाटतो, कारण ही वही मी त्यानंतर सुरू केली. मी इंटर्न असताना एका गावातील शिबिरात पन्नाशीच्या एका शेतमजूर बाईंची खालची दाढ काढायची होती. मी इन्फिरिअर अल्व्हिओलर ब्लॉक, म्हणजे खालच्या जबड्याची एक बाजू बधिर करणारे इंजेक्शन, दिला, दीड-दोन मिनिटे थांबले आणि विचारले, “बधिर झालं का?” बाई म्हणाल्या, “हो जी.” दाढ निघाली. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. मी लॉगबुकात नोंद केली की काम विनाअडथळा पार पडले. जेवणाच्या सुट्टीत तेथील मावशी मला म्हणाल्या की त्या बाई बाहेर बाकावर बसून रडत होत्या आणि सांगत होत्या, “जीव चालला होता माह्या, पन मॅडमले कसं म्हनू?”

त्या दिवशीची माझी पहिली नोंद अशी होती: ‘रुग्णाने दुखत असल्याचे सांगितले नाही. पुढील वेळी अधिक काळजी घेईन.’ या नोंदीतून काहीही शिकता येत नाही. पहिल्या वाक्यात दोष रुग्णावर ढकलला आहे आणि दुसऱ्या वाक्यातील काळजी म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. आठवड्याने माझ्या शिक्षिकेने ती परत लिहायला लावली, तेव्हा मी लिहिले: ‘सुई निम्म्याहून कमी आत गेली असताना हाड लागले. मी तसेच औषध सोडले. दोन मिनिटांहून कमी थांबले. “बधिर झालं का” असे विचारले, उत्तर “हो जी” आले. प्रोबने (तपासणीच्या टोकदार उपकरणाने) तपासले नाही. लाँग बक्कल (गालाकडील हिरडीचे इंजेक्शन) दिले नव्हते. दाढ हलवताना बाईंनी खुर्चीचा हात धरला. मी पाहिले आणि काम चालू ठेवले.’ या आठ वाक्यांत एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न उभा राहतो.

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘दाढ ठणकून राहिली’, ‘कानाच्या मुळातून सणक निघते’, ‘गरम पाण्यानं ठणकते, थंडं धरलं का बरं वाटते’ यांतील प्रत्येक वाक्यात निदानाचा धागा आहे. तिसरे वाक्य ऐकताच दाताच्या नसेची सूज परत न फिरणाऱ्या टप्प्यावर गेली असावी अशी शंका यायला हवी. तुम्ही त्याऐवजी नुसते ‘वेदना’ असे लिहिले तर तो धागा तुटतो.

चौथी पायरी: मनःस्थिती, एका ओळीत

भीती, घाई, वरिष्ठ पाहत असल्याचा संकोच, रांगेतील तीस माणसांचे दडपण यांपैकी जे होते ते लिहा. हे कबुलीजबाबासाठी लिहायचे नाही. घाईत असताना तुमच्याकडून नेमकी कोणती पायरी गळते, हे महिन्याभराच्या नोंदी वाचल्यावर दिसते. माझ्याकडून थांबण्याची वेळ गळत होती. एक ओळ पुरे.

पाचवी पायरी: कारणे चार ठिकाणी शोधा

विश्लेषण म्हटले की नवे दंतवैद्य बहुधा एकाच ठिकाणी पाहतात: ‘माझा हात बसलेला नाही.’ हात हे एक ठिकाण झाले. दुसरे ठिकाण ज्ञानाचे, तिसरे रुग्णाशी झालेल्या बोलण्याचे आणि चौथे व्यवस्थेचे, म्हणजे उपकरणे, वीज, पाणी, वेळ, सोबतची माणसे यांचे. प्रत्येक प्रसंग या चारही ठिकाणी तपासा.

माझाच प्रसंग घ्या. हाताच्या बाजूने पाहिले तर सुई साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागायला हवे होते; त्याआधीच लागले, म्हणजे टोक जास्त पुढे होते आणि सुई किंचित मागे घेऊन सिरिंजचा मागचा भाग विरुद्ध बाजूच्या सुळ्याकडे, म्हणजे तोंडाच्या पुढील भागाकडे आणून परत दिशा द्यायला हवी होती. ज्ञानाच्या बाजूने पाहिले तर हा ब्लॉक परिणामकारक व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात, आणि खालच्या दाढांच्या गालाकडील हिरडीला स्वतंत्र लाँग बक्कल द्यावे लागते, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. व्यवस्थेच्या बाजूने पाहिले तर शिबिरात दोनच खुर्च्या होत्या आणि ब्लॉक दिलेला रुग्ण बाजूला बसवण्याची सोय नव्हती, म्हणून थांबण्याची वेळ आपोआप कमी झाली.

पण सर्वांत जास्त मला बोलण्याच्या बाजूने शिकायला मिळाले. ‘बधिर’ हा शब्द आपल्या खेड्यांत ऐकू न येणाऱ्या माणसासाठी जास्त वापरला जातो. ओठाला आलेल्या जडपणाला लोक ‘सुन्न’, ‘जड’, ‘मुंग्या आल्यावानी’ असे म्हणतात. त्या बाईंना प्रश्न कळला नसावा, आणि कळला असता तरी डॉक्टरांना नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटका होते तो प्रश्न विचारून आपण फक्त आदर मोजतो. मी आता विचारते, “कोणती बाजू जड लागून राहिली, बोट लावून दाखवा.” मग दोन्ही बाजूंची हिरडी प्रोबने दाबून विचारते की कोठे टोचले. उत्तरासाठी रुग्णाला शब्दच लागू नयेत, अशी ही योजना आहे.

बोलण्याच्या बाजूची आणखी दोन उदाहरणे देते, कारण इंटर्नच्या वह्यांमध्ये ही बाजू सर्वांत रिकामी असते. ‘रुग्णाने रूट कॅनल करण्यास नकार दिला, म्हणून दात काढला’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले आहे. नकार कशाला होता? तीन वेळा यावे लागण्याला, खर्चाला, की ‘नस मारली का डोळे जातात’ या भीतीला? तीनही कारणांवर तुमचे उत्तर वेगळे असायला हवे. ज्याला तीन फेऱ्या शक्य नाहीत, त्याचा योग्य असा दात एकाच बैठकीत पूर्ण करता येईल का, हे वरिष्ठांना विचारता येते. कारण न विचारता लिहिलेला नकार हा खरे तर आपण न विचारलेला प्रश्न असतो.

दुसरे उदाहरण सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचे. तोंड उघडत नाही म्हणून तिशीतला तरुण येतो. वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मोजले तर २२ मिलिमीटर भरते, जे सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ असावे. गालाच्या आतील पांढरट, ताठ पट्टे बोटाला लागतात आणि सबम्यूकस फायब्रोसिसचे, म्हणजे तोंडाचे आतील अस्तर ताठ होत जाण्याच्या आजाराचे, निदान होते. इंटर्न लिहितो, ‘खर्रा सोडण्याचा सल्ला दिला.’ एका मुलीने मात्र त्याच प्रसंगी विचारले की दिवसातला पहिला खर्रा केव्हा लागतो आणि सर्वांत जास्त केव्हा. तो म्हणाला, शेतात रात्रीची लाइन असते तेव्हा. ओलीत करताना झोप येऊ नये म्हणून. तिने अंदाजाच्या ओळीत ‘व्यसन’ लिहिले होते, आणि विश्लेषणात लिहिले की मी ज्याला व्यसन समजले त्यातील अर्धा भाग जागरणाचा आहे. मग दोघांनी मिळून रात्रीच्या पाळीसाठी भाजलेली बडीशेप आणि लवंग ठरवली, दिवसाचे खर्रे मोजून लिहायचे ठरवले, आणि पुढच्या तपासणीला तोंड किती उघडते ते परत मोजायचे ठरवले. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळली तरी हा आजार थांबत नाही, हेही तिने त्याला समजावले.

सहावी पायरी: एकच कृती, आणि ती तपासता येईल अशी

नोंदीच्या शेवटी पुढील वेळी काय करणार ते एका वाक्यात लिहा. ‘अधिक लक्ष देईन’, ‘सराव करीन’ ही वाक्ये मी खोडायला लावते. ‘पुढील पाच ब्लॉकमध्ये औषध दिल्यापासून घड्याळ लावून किमान चार मिनिटे थांबेन आणि प्रोबने तपासल्याशिवाय एलिव्हेटर (दात सैल करायचे उपकरण) उचलणार नाही’ हे वाक्य चालते, कारण पाच ब्लॉकनंतर ते पाळले की नाही हे तुम्हालाच नव्हे, तुमच्या सोबत्यालाही सांगता येते. ब्लॉक लागला नाही म्हणून पुन्हा औषध द्यायचे असेल तर एकूण किती झाले याचा हिशेब त्याच ओळीत ठेवा. अॅड्रिनलिनसह लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम धरली जाते, आणि ३५ किलो वजनाच्या कृश म्हातारीच्या बाबतीत ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते.

एक गोष्ट वहीत ठेवून भागणार नाही. चुकीचा दात काढला गेला, रूट कॅनलची फाइल (बारीक सुईसारखे उपकरण) दाताच्या मुळामध्ये तुटली, औषधाची रिअॅक्शन आली, तर त्याच क्षणी वरिष्ठांना सांगा, त्यांच्या उपस्थितीत रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा आणि केस पेपरवर लिहा. चिंतन त्यानंतरचे. रुग्णापासून लपवलेली चूक वहीत प्रामाणिकपणे लिहिली म्हणून ती प्रामाणिक ठरत नाही.

सातवी पायरी: पुढे काय झाले ते शोधून काढा

प्रत्येक नोंदीखाली ‘पुढे काय झाले’ अशी एक रिकामी ओळ सोडा आणि ती कधी भरायची ती तारीखही लिहा. तारीख आजाराच्या गतीवरून ठरते. दात काढल्यानंतर ड्राय सॉकेटचे, म्हणजे खाचेतील रक्ताची गाठ निघून गेल्याने होणारे, दुखणे साधारणपणे दोन ते चार दिवसांनी उठते, म्हणून फोन तिसऱ्या दिवशी करायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेला फोन तुमच्या समाधानापुरता असतो. भरलेल्या दाताची चौकशी महिन्याने करा. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग असतात आणि अशा दातांवर काँपोझिट (दाताच्या रंगाचे भरण) नीट धरत नाही, तेथे सहा महिन्यांनी पाहिल्याशिवाय तुमच्या कामाबद्दल काही सांगता येत नाही.

फोन करण्याची परवानगी जाताना घ्या आणि नंबर कोणाचा आहे ते विचारा, कारण तो बहुधा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. अशा वेळी आजाराचा तपशील दुसऱ्याला सांगू नका. ‘दवाखान्यातून बोलते, काकूंशी बोलायचे होते’ एवढे पुरे. फोन लागत नसेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी येऊन भेटायला सांगा, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही. आशाताईंची मदत होते, मात्र त्यांच्याकडेही फक्त भेटायला या एवढाच निरोप द्यावा.

उत्तर आले की ते तुमच्या पहिल्या अंदाजासमोर लिहा. ‘अडचण दिसत नाही’ याच्यासमोर ‘तिसऱ्या दिवशी ठणका, गावातील दुकानातून गोळ्या घेतल्या’ असे लिहावे लागते तेव्हा मन खट्टू होते, पण पुढच्या वेळी दात काढल्यावर द्यायच्या सूचना तुम्ही रुग्णाकडून परत म्हणून घेता, तेही याच खट्टू होण्यामुळे.

वही दाखवण्याबद्दल थोडेसे. पंधरा दिवसांतून एक नोंद स्वतः निवडून वरिष्ठांपुढे ठेवा आणि विचारा की यात मला न दिसलेले काय आहे. वरिष्ठांना माझी विनंती आहे की या वहीला गुण देऊ नयेत. गुण दिले की पुढच्या पंधरवड्यात सगळ्या नोंदी सुबक होतात आणि त्यांतील थबकलेले क्षण नाहीसे होतात. तपासून परत देताना एखादी स्वतःची जुनी फसलेली केस सांगितली तर विद्यार्थी जास्त मोकळेपणाने लिहितात, असा माझा अनुभव आहे.

पोस्टिंग बदलताना अखेरचे काम राहते. ज्यांच्या ‘पुढे काय झाले’ या ओळी अजून रिकाम्या आहेत, त्यांच्या अनुक्रमांकांची यादी करून ती वरिष्ठांच्या देखत पुढच्या इंटर्नच्या हाती द्या. संशयित व्रणांचे रुग्ण या यादीत सर्वांत वर असावेत. तोंडातील व्रण टोचणारा दात घासून किंवा काढूनही दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर त्याचा तुकडा तपासायलाच हवा, आणि अशा रुग्णाला ‘नागपूरला जा’ एवढे सांगून आपले काम संपत नाही. कोणत्या बसने, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या खिडकीशी, सोबत कोणते कागद, हे लिहून द्यावे लागते. जुलैत एका इंटर्नने पाठवलेला असा एक रुग्ण सोयाबीन निघेपर्यंत गेलाच नव्हता. तिच्या वहीतील ओळ रिकामीच राहिली आणि यादीसोबत पुढच्या मुलाकडे गेली. त्याने तीन वेळा फोन केला, चौथ्यांदा बाजारात गाठले, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती ओळ भरली: ‘नागपूरला गेले. तुकडा घेतला. अहवाल सोमवारी.’ त्याखाली त्याने पुढची तारीख टाकली होती.